दिव्यांग बंद्याच्या सुटकेची पूर्वतयारी

हातापायांनी अधू, दृष्टिहीन, कर्णबधिर अथवा मानसिक आजाराने ग्रस्त असा मनुष्य कारागृहाच्या दरवाजातून आत आला, की त्याच्याविषयी अधिकारीवर्गाच्या मनात पुष्कळदा कणव उत्पन्न होते, आणि ती कणव वैद्यकीय अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने कागदावर उतरते: ‘श्रमास अयोग्य’. घरच्या मंडळींनाही हा शेरा म्हणजे मोठी सवलत पदरात पडली असे वाटते. किंबहुना तो मिळावा म्हणून तीच अर्जविनंत्या करीत असतात. परंतु कारागृहातील व्यवहाराची घडी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असते, की बंद्याची मजुरी, त्याच्या शिक्षेतील माफीचे दिवस, त्याचे शिक्षण, त्याची पत आणि दिवसाकाठी चार माणसांशी होणारा त्याचा संबंध, या सर्वांची दोरी अखेर एकाच खुंटीला बांधलेली असते, आणि ती खुंटी म्हणजे काम. जो कामावर नाही तो बराकीत भिंतीला टेकून बसून राहतो, आणि पाचसात वर्षांनी बाहेर येतो तेव्हा मूळच्या वैगुण्यात बेकारीच्या सवयीची भर घालूनच येतो.

म्हणून अशा बंद्यांचे आईवडील, पत्नी, भावंडे, त्यांचे वकील आणि कारागृहांत जाणारे समाजकार्यकर्ते यांना प्रारंभीच सांगावयाचे ते असे, की कामातून सूट मागू नका. शरीराला झेपेल असे काम मागा. सूट ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे, जुळते काम हा घेणाऱ्याचा हक्क आहे. हा हक्क कोणत्या आधारावर, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागावा, याचे विवरण महाराष्ट्रातील परिस्थिती समोर ठेवून येथे करीत आहे.

हक्काचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले असून, ज्याचे प्रमाण ४० टक्के वा त्याहून अधिक आहे असे प्रमाणित झाले त्यास लक्षणीय दिव्यांगत्वाचे विशेष लाभ मिळतात. समान वागणूक मिळावी म्हणून आवश्यक तो वाजवी फेरबदल करून देणे हे या कायद्याचे मुख्य सूत्र आहे, आणि ते कारागृहाच्या तटाशी येऊन थांबते असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या व नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांपैकी पाचव्या नियमातही दिव्यांग बंद्यांना इतरांच्या बरोबरीने कारागृहातील जीवनात सहभागी होता यावे, अशी तजवीज करण्याचे दायित्व प्रशासनावर टाकलेले आहे.

याहून निकटचा आधार आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तामिळनाडूतील एका दिव्यांग वकिलाच्या प्रकरणात १५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने असे निर्देश दिले, की बंदी दाखल होतानाच त्याचे दिव्यांगत्व ओळखले जावे, ते स्वतः सांगण्याची संधी त्यास मिळावी, कारागृहाचे नियम त्याला समजतील अशा स्वरूपात, म्हणजे ब्रेल, मोठी अक्षरे वा सांकेतिक भाषा यांद्वारे, कळविले जावेत, आणि उतार, स्वच्छतागृहे व भौतिकोपचार यांची व्यवस्था असावी. त्याच वर्षाच्या अखेरीस हे निर्देश सर्व राज्यांना लागू करण्यात आले. तेव्हा अर्जात या निर्णयाचा उल्लेख अवश्य करावा.

मागणी करताना मात्र ती मोघम नसावी. तळोजा कारागृहात असताना कंपवाताने हात थरथरणारे वृद्ध धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून २०२० साली न्यायालयात अर्ज करावा लागला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. इतकी क्षुद्र वस्तूही कागदावर मागावी लागते, हा त्यातील खेदाचा भाग झाला. परंतु मागणीत वस्तूचे नाव, ती कशासाठी हवी ते कारण आणि ती कोण पुरविणार याचा खुलासा असला, की तिला उत्तर देणे भाग पडते, हा त्यातील व्यवहाराचा भाग आहे.

दाखल झाल्यापासूनचे पहिले काही दिवस

प्रत्येक बंद्याच्या नावाने कारागृहात एक नोंदपत्रक उघडले जाते. त्यास तेथे सर्रास ‘हिस्ट्री तिकीट’ म्हणतात. त्याला नेमून दिलेले काम, मिळालेली माफी, झालेली शिक्षा, त्याची प्रकृती या साऱ्यांच्या नोंदी त्यात होत जातात, आणि पुढे रजा असो वा सुटका, प्रत्येक वेळी तेच कागद उलटून पाहिले जातात. दिव्यांगत्वाची नोंद तेथे पहिल्या दिवसांतच झाली पाहिजे. कर्णबधिर बंद्याच्या बाबतीत तर तिचे महत्त्व विशेषच आहे. कारण सकाळ-संध्याकाळची गिनती, मुलाखतीसाठी होणारा पुकारा, न्यायालयाच्या तारखेला निघण्याची हाक, हे सारे कानांवर अवलंबून असते, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याच्या गैरहजेरीचा अर्थ अवज्ञा असा लावला जाऊन ती माफीच्या मुळावर येते.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र पूर्वीच काढलेले असल्यास त्याची साक्षांकित नक्कल अधीक्षकांकडे अर्जासोबत द्यावी आणि पोचपावती घ्यावी. ते नसल्यास बंद्याची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणी करवून प्रमाणपत्र मिळवून द्यावे, अशी लेखी विनंती करावी. पोलीस पहाऱ्याअभावी रुग्णालयाची फेरी लांबणीवर पडते, हा नेहमीचा अनुभव असल्याने, दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र देण्यास संकोच करू नये. कुबड्या, कृत्रिम पाय, चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल ही साधने झडतीत बाजूला ठेवली गेली असतील तर ती परत मिळावीत म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याचा अभिप्राय मागावा. मुळात साधनच नसेल तर केंद्र सरकारच्या साहाय्यक साधनांच्या योजनेतून ते मिळविता येते, आणि त्यासाठीही प्रमाणपत्रच आधी लागते.

अर्ज कसा असावा, याचा एक नमुना देतो.

‘माझा मुलगा, बंदी क्रमांक अमुक, याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. उभ्याने करावयाचे अथवा ओझे वाहण्याचे काम त्याला जमत नाही. बसून दोन्ही हातांनी करावयाचे कोणतेही काम जमते. पूर्वी तो सायकलदुरुस्ती करीत असे. तरी त्याची वैद्यकीय तपासणी करवून त्यास बसून करण्याजोगे काम नेमून द्यावे, आणि तशी नोंद त्याच्या हिस्ट्री तिकिटावर घेण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती.’

या पाचसहा ओळींत काय जमत नाही ते एकदा सांगितले आहे आणि काय जमते ते विस्ताराने सांगितले आहे, हे लक्षात घ्यावे. सामान्यतः आपले अर्ज याच्या उलट असतात, आणि म्हणूनच त्यांचे फळ ‘श्रमास अयोग्य’ या शेऱ्यात मिळते. अर्ज लिहून देणारे कोणी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यान्वये कोठडीतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनाही विनामूल्य विधिसाहाय्याचा हक्क आहे, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

कामाची निवड

सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या सिद्धदोष बंद्याला काम नेमून दिले जाते. न्यायाधीन बंद्यावर श्रमाची सक्ती नाही, तथापि तो स्वेच्छेने काम मागू शकतो. येरवडा, नाशिक रोड, नागपूर यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, धुलाई असे विविध उद्योग चालतात, आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा श्रेणींनी मजुरी दिली जाते. या उद्योगांकडे पाहून ‘हे अधू माणसाचे काम नव्हे’ असे म्हणणारा मनुष्य संपूर्ण उद्योग एकसंध समजत असतो. वस्तुतः प्रत्येक उद्योग हा अनेक लहान कृतींचा समुच्चय असतो, आणि त्या सुट्या करून पाहिल्या म्हणजे प्रश्नाचा अर्धा भाग तेथेच सुटतो.

हातमागाचेच उदाहरण घ्या. मागावर बसणाऱ्या विणकराला दोन्ही पायांनी खालच्या पट्ट्या दाबाव्या लागतात. तेव्हा एक पाय नसलेल्या बंद्याला तेथे बसविता येणार नाही, हे खरे. पण त्याच मागासाठी कांड्या भराव्या लागतात, सुताचे लडे उलगडावे लागतात, तुटलेले धागे सांधावे लागतात, तयार कापडाची घडी करून मोजदाद करावी लागते. यांतील एकाही कामाला पाय लागत नाही. शिवणयंत्राचा पायटा चालविता येत नसेल तर त्याला लहानशी मोटर जोडता येते अथवा हाताने फिरविण्याचे चाक बसविता येते. खुर्चीची बैठक वेताने विणणे हे काम दृष्टिहीन कारागीर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बोटांच्या स्पर्शावर करीत आले आहेत; लिफाफे व फायली तयार करणे हेही त्याच जातीचे. कर्णबधिर बंद्याला सुतारकामात काहीच अडचण नसावी, फक्त यंत्र सुरू वा बंद करण्याच्या सूचना दिव्याने वा हाताच्या खुणेने देण्याचा शिरस्ता तेथे पाडावा लागतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या बंद्याला एका वेळी एकच कृती, रोज त्याच जागी आणि त्याच माणसाच्या हाताखाली दिली, तर तो ती पुष्कळदा इतरांहून अधिक निष्ठेने करतो. मात्र त्याच्या मजुरीचा हिशेब दुसऱ्याच कोणाच्या हाती जात नाही ना, यावर घरच्यांनी मुलाखतीच्या वेळी नजर ठेवावी.

कामाचा संबंध केवळ हातखर्चाशी नसतो, हे येथे पुन्हा सांगितले पाहिजे. १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात राज्य सहकारी बँकेच्या साहाय्याने ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू झाली; तीत बंद्यास ५०,००० रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजाने, कुटुंबाच्या गरजेसाठी कर्ज मिळू शकते, आणि ते त्याच्या कारागृहातील मिळकतीच्या भरवशावर दिले जाते. ज्याची मिळकतच नाही त्याला ही पत कोठून येणार? खुल्या कारागृहांचीही तीच कथा. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ बंद्यांची स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत उभारली, जिच्या प्रेरणेतून पुढे शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला, तेव्हापासून खुल्या कारागृहाची कल्पना शेतीच्या श्रमाशी निगडित राहिली, आणि निवडीच्या वेळी शारीरिक सुदृढता पाहिली जात आली. रोपवाटिका, कुक्कुटपालन, भांडाराचा हिशेब ही कामे खुल्या कारागृहातही असतात. तेव्हा पात्र असलेल्या दिव्यांग बंद्याने अशा नेमक्या कामाचा निर्देश करून आपले नाव विचारात घेण्याची मागणी अवश्य करावी.

बाहेर टिकणारे कौशल्य

आत शिकलेली प्रत्येक विद्या बाहेर उपयोगी पडेलच असे नाही. कोणतेही प्रशिक्षण स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टींची शहानिशा करावी: त्याची हत्यारे आपल्या ऐपतीत येतात काय, कच्चा माल आणि गिऱ्हाईक आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मिळते काय, आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला न मागता ते काम करता येते काय. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव असल्या, तरी शिक्षा भोगलेल्या माणसापुढे चारित्र्यपडताळणीची भिंत उभी असते. या कसोटीला शिवणकाम, मोबाइलदुरुस्ती, फिनेल व साबण बनविणे, शेळीपालन, किराणा दुकान हे व्यवसाय उतरतात. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या नावाने मिळावे, त्यावर कारागृहाचा शिक्का नसावा, असा आग्रह धरावा.

शिक्षण अपुरे राहिले असल्यास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे कारागृहांतून चालतात, त्यांचा लाभ घ्यावा. लेखनास असमर्थ असलेल्या लक्षणीय दिव्यांग परीक्षार्थीस लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळण्याची तरतूद आहे. ती कारागृहातील परीक्षार्थीलाही लागू पडते, फक्त अर्ज परीक्षेच्या पुष्कळ आधी गेला पाहिजे.

सुटकेपूर्वीचे सहा महिने

सुटकेची तारीख दृष्टिपथात आली म्हणजे कागदपत्रांची एक स्वतंत्र फाईल करावी. आधारपत्र, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, बँकेचे खाते, शिधापत्रिकेवरील नाव, कारागृहातील जमा मजुरीचा उतारा, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, आणि कारागृह रुग्णालयातील उपचारांचा सारांश एवढ्या गोष्टी तीत असाव्यात. तुरुंगवासाच्या काळात शिधापत्रिकेवरून नाव कमी होणे, बँकेचे खाते निष्क्रिय होणे, हे सर्रास घडते. संचित रजेवर अथवा अभिवचन रजेवर बंदी घरी येतो तेव्हा ते दिवस केवळ भेटीगाठींत न घालविता तहसील, बँक आणि जिल्हा रुग्णालय यांच्या फेऱ्या त्यातच उरकून घ्याव्यात. घराचा उंबरठा, न्हाणीघर, बसथांब्यापर्यंतचा रस्ता यांतील अडचणीही त्याच वेळी ध्यानात येतात.

सुटल्यानंतर प्रथम तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्यावा. २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी या योजनेची रक्कम दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आली आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा नियम असल्याने, तेथील यादीत नाव नोंदवून घ्यावे. एस. टी. च्या भाड्यातील ७५ टक्के सवलत कामधंद्याच्या शोधात फार उपयोगी पडते. भांडवलासाठी महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत, आणि सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम महिला व बाल विकास विभागाचे जिल्हा परिविक्षा अधिकारी पाहतात. दिव्यांग कल्याणाचे खाते वेगळे आणि बंदी पुनर्वसनाचे खाते वेगळे, म्हणून एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखविण्याचा संभव राहतो. तेव्हा अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी द्यावा आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करावा. मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करीत आला आहे. त्याच्या कार्यकर्त्यांची गाठ सुटकेपूर्वीच घालून घ्यावी.

मानसिक आजाराच्या रुग्णाबाबत औषधांत एक दिवसाचाही खंड पडू नये, ही मुख्य दक्षता. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ मध्ये कारागृहातील रुग्णांच्या उपचारांची तरतूद आहे. सुटकेच्या दिवशी किमान महिनाभराची औषधे आणि चिठ्ठी मागून घ्यावी, व पुढील उपचार जिल्हा रुग्णालयात सुरू करावेत. अडीअडचणीस १४४१६ हा शासकीय मानसिक आरोग्य मदत क्रमांक आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात वा बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना असून तीत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

न्यायाधीन बंद्याची निराळी अवस्था

न्यायाधीन बंद्याच्या सुटकेला तारीख नसते. आज जामीन मंजूर झाला तर उद्या तो दरवाजाबाहेर उभा असतो. म्हणून वर सांगितलेली फाईल त्याच्या बाबतीत नेहमीच सिद्ध असली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये, ज्या गुन्ह्यास मृत्युदंड वा जन्मठेप सांगितलेली नाही अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याच्या बाबतीत एकतृतीयांश काळ कोठडीत काढल्यास, कायद्यातील अपवाद वगळता, जामिनावर सुटका होऊ शकते, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर आहे. जामीन होऊनही पैशाअभावी अडकून पडलेल्यांसाठी केंद्र सरकारची गरीब बंद्यांच्या साहाय्याची योजना आहे. तीतून न्यायाधीन बंद्यास जामिनासाठी, आणि दंड भरू न शकणाऱ्या सिद्धदोष बंद्यास २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. जामिनाच्या अर्जात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडताना, घरी देखभाल कोण करणार आणि उपचार कोठे होणार, याचेही विधान करावे. नुसत्या सहानुभूतीपेक्षा अशा व्यवस्थेचा न्यायाधीशांवर अधिक परिणाम होतो.

घरच्यांनी आणि इतरांनी

माणूस घरी आला म्हणजे प्रेमापोटी त्याला काही करू न देण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि कारागृहातील ‘श्रमास अयोग्य’ हा शेरा अशा रीतीने घरातही चालू राहतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे घरातील एखादे नित्याचे आणि नेमके काम सोपवावे, आणि त्याने मिळविलेला पहिला पैसा त्याच्याच हाती राहू द्यावा. नवा मालक वा भागीदार विश्वासातला असेल तर शिक्षेची गोष्ट त्याला आपणच थोडक्यात सांगून टाकणे हिताचे. ती दुसऱ्या तोंडून कळली म्हणजे तिचा आकार वाढतो.

ज्यांचे कोणी आप्त आत नाहीत अशा वाचकांनाही येथे करण्यासारखे काम आहे. प्रत्येक कारागृहासाठी अभ्यागत मंडळ असते आणि त्यावर अशासकीय अभ्यागतांच्या नेमणुका होतात. डॉक्टर, विशेष शिक्षक, भौतिकोपचारतज्ज्ञ, कारखानदार यांनी त्यासाठी आपली नावे पुढे करावीत. आत गेल्यावर उतार बांधला आहे काय, खुर्ची आणली आहे काय, हे तर पाहावेच. परंतु त्यानंतर कारखान्याचा मजुरीचा हजेरीपट मागवून घ्यावा, आणि कारागृहात नोंदलेल्या दिव्यांग बंद्यांपैकी कितींची नावे त्यावर आहेत, ते मोजून अभ्यागत पुस्तकात आपल्या शेऱ्यासह लिहून ठेवावे.